मुंबईपेक्षा दाट खोली

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या खानेसुमारीत मला गोंदियातली विडी कामगारांची एक चाळ मिळाली. मी शाळेत भूगोल शिकवायचो आणि स्वतःला फार शहाणा समजायचो. शेवटच्या खोलीत अकरा माणसं निघाली. राइस मिलमध्ये रातपाळी करणारे दिवसा आडवे व्हायचे, बाकीचे त्यांच्या उशापायथ्याशी विड्या वळायचे. अकरावी घरची लेक होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, नववा महिना लागलेली.

तिची आई हात जोडून म्हणाली, "गुरुजी, लिवा, पर मालकाले सांगू नोका. आठाच्या वर मानूस दिसला का तो खोली खाली करून घेते."

"सरकारी कागद आहे बाई, मी कशाला कुणाला सांगतोय!" नियमही तोच होता, खानेसुमारीतली माहिती बाहेर फोडायची नाही.

संध्याकाळी चायच्या ठेल्यावर माझी जीभ वळवळली. खोलीची लांबीरुंदी धरून मी चौरस मैलाचा हिशेब मांडला आणि भूगोलाच्या पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून पाहिला. "मुंबई गेली खड्ड्यात! कलकत्ताही मागं! सगळ्यात दाट शहर आपल्या गोंद्यात, एका खोलीत आहे." लोक पोट धरधरून हसले. त्यांच्यात चाळमालकही चहा पीत बसला होता, तोही हसला. "वाह मास्टरजी! कौन सी खोली?" आणि मी गाढवानं सांगून टाकलं. टाळी मिळत होती ना!

शेवटच्या फेरीत, मधल्या काळातले जन्ममृत्यू विचारायला, मी पुन्हा त्या दारात उभा राहिलो. आई विड्या वळत होती. हात थांबले नाहीत.

"मालक म्हने, पोरगी काढा नाहीतं सारेच निंगा. मिलमंदी धान घालून सडक अर्जुनीकडं परतनाऱ्या बैलबंडीत बसवली तिले, सासरी धाडाले. सडकेवरच बाळंत झाली. पोरगं घटकाभर रडलं, मंग गेलं." तिनं वर पाहिलं. "काऊन सांगितलं जी गुरुजी?"

"मी नाही सांगितलं," मी म्हणालो. लाज नव्हती वाटली, खोटं कशाला बोलू. नोकरी जाईल एवढीच भीती होती.

"मंग माह्या नातवाचं तरी लिवा. पैदा झालता म्हनून."

वर्गात समजावतो त्याच आवाजात मी तिला सांगितलं, "मेलेल्याला मोजत नाहीत बाई." मग, लेक आता सासरी मोजली जाणार म्हणून, तिच्या ओळीवर काट मारली आणि शेजारच्या चाळीकडे निघालो.