array_combine आणि उकडीचे मोदक

महामारीच्या पहिल्या वर्षी मी नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनला मुलाकडे अडकलो. विमाने बंद होती. पुण्यात तीस वर्षे प्रोग्रामिंग केले होते. येथे भाजी निवडत असे. तीही नीट निवडत नाही, असे सुनेचे मत होते.

गणेश चतुर्थीला एकत्र जमण्याची सोय नव्हती. म्हणून परिसरातील मराठी कुटुंबांना घरपोच मोदक द्यायचे ठरले. सून करणार, मुलगा सायकलवरून नेणार. मोदक गरम पोहोचले पाहिजेत, ही तिची एकच अट.

मागणीचा ऑनलाइन फॉर्म तयार डच नमुन्यावरचा होता. त्यातून आलेल्या प्रत्येक नोंदीच्या चार की, म्हणजे रकान्यांची नावे, डच होत्या; डब्यांवरच्या चिठ्ठ्या छापण्यासाठी मला त्या मराठी हव्या होत्या. सुनेने एकेक की पाळीपाळीने बदलणारा लूप सुचवला. PHP मध्ये तयार फंक्शन असताना लूप लिहिणे मला पटत नाही. array_combine ला नव्या कींची यादी आणि जुनी मूल्ये द्यावीत. ते क्रमाने जोड्या लावते. मी यादी दिली: नाव, घर क्रमांक, नग, पिनकोड. डच येत नव्हते आणि विचारले नाही. नावानंतर घर क्रमांक येतो, हे जन्मभर पाहिले होते.

चतुर्थीच्या सकाळी पहिली खेप उकडत असताना सून चिठ्ठ्या घेऊन आली.

“बाबा, घर क्रमांक एकवीस, अकरा, पुन्हा एकवीस. सगळं गाव दोनच घरांत राहतं का?”

“योगायोग.”

“आणि या काकूंना एकशे चौसष्ट मोदक?”

“आवडत असतील.”

“त्या एकशे चौसष्ट नंबरात राहतात, बाबा! एकट्या!”

फॉर्ममध्ये नावानंतर नग विचारले होते. मुलगा सायकल काढून दारात उभा होता.

“पाच मिनिटे,” मी म्हणालो.

“वाफ थांबणार नाही,” सून म्हणाली.

या वेळी क्रमावर विसंबलो नाही. प्रत्येक डच कीसमोर तिची मराठी की लिहिली. अर्थ सुनेने सांगितले, कळ्या पाडता पाडता. array_keys ने जुन्या की काढल्या, array_map ने प्रत्येकीचे नवे नाव शोधले, array_combine ने मूल्ये जोडली. लूप नाहीच.

मुलगा गेला. थोड्या वेळाने काकूंचा फोन आला. “अगं, झाकण काढलं तर चष्म्यावर वाफ! अकराच मागवले, चुकलंच माझं.”

दुसऱ्या खेपेच्या चिठ्ठ्या सुनेने न तपासता डब्यांवर चिकटवल्या.