कोसमटोल्याचा एजंट गाडीत बसतच नाही

हे दोनदा टाइप करून मिटवलं. वाटलं, दुसऱ्याच्या घरची गोष्ट लोकायले काहून सांगू. पण ऱ्हावलंच नाही, लिहूनच राह्यली.

बालाघाट-लामता लाइनवर आमचं कोसमटोला हॉल्ट. हॉल्ट म्हंजे स्टेशनमास्तर नाही, काई नाही. एक एजंट खिडकीतून तिकीट देते, सगळे चढले का पाह्यते, आन गार्डले हात दाखवते. छोटी लाइन होती तवापासून एजंटी आमच्या शेजारच्याच घरात. पयले डोमाजी, मंग त्याइचा पोरगा चैतराम. आमी त्याइले आबा म्हणतो. आता वय झालं, एजंटी दुसऱ्याले गेली.

त्या घराची रीतच अशी का एजंट आपल्या हॉल्टवरून गाडीत बसत नाही. गाडी उभी असतानी खिडकी कोण पाह्यन? आबाच्या लग्नात नवरदेव गाडीत, आन बाप मागून सायकलवर!

आता आबाले मोतीबिंदू. एक डोळा गेल्यातच जमा, डॉक्टर म्हणे उशीर केला तं दुसराबी जाईन. बालाघाटले ऑपरेशनची तारीख भेटली. मोटरसायकलवर त्याइले चक्कर येते, म्हणून गाडीच. मी रोज त्याच गाडीनं कॉलेजले जाते, तं न्यायचं काम माह्यावर. बालाघाटले त्याइची पोरगी मंजू मावशी घ्यायले येणार होती.

त्याइची बायको गोदाआजी हॉल्टवर आलती. "अवो, आज तुमी प्रवासी हा. चुपचाप बसजा."

"हौ वं, मी का लहान पोट्टा हावो?"

गाडी आली. मी चढली, हात देल्ला. "आबा, या."

"तू हो आंदर पोरी, या बाईचं पोतं चढू दे."

पोतं चढवलं. मंग एक लेकुरवाळी. मंग दोघं धावत आले, "अरे जल्दी चलो, जल्दी!" मंग आबानं डोळ्यावर हात धरून पूर्ण फलाट पाह्यला. नवा एजंट खिडकीतच होता, तं गार्डले हातबी आबानंच दाखवला.

गाडी सुटली!

मी दारातून "आबा, आबा" ओरडून राह्यली आन थे हात वर करून तसेच उभे. मले हसू आलं, मंग रडूच आलं. बालाघाटले मंजू मावशी म्हणे, "बाबा कुठी?" म्हटलं, गार्डले हात दाखवून तिथंच राह्यले.

संध्याकाळी आबाले विचारलं तं म्हणे, "सवय वं."

गोदाआजी फटकन बोलली, "सवय गिवय काई नाही, ऑपरेशनचं भेव लागते म्हाताऱ्याले!"

आबा हळूच म्हणे, "फलाटावर कोनीच राह्यलं नव्हतं पोरी. मी नीट पाह्यलं."

"आन तुमी?"

"मी तं तिथलाच."

मले अजून समजत नाही, सवय का भेव, का दोनी. रागावू का त्याइच्यावर, का काय करू.

येत्या मंगळवारची तारीख पुन्हा भेटली. माही त्या दिवशी परीक्षा, आन गोदाआजीचं थे ऐकत नाहीत. लामत्याकडून सकाळच्या गाडीनं कोनी येत असान तं कोसमटोल्याले उतरा. चैतराम आबाले भेटा, म्हणा गार्डले हात आमी दाखवतो, तुमी पयले चढा. मंगळवारच्या आधीच गेले तं अजून चांगलं, वळख होईन. पण जा नं, जल्दी जा.