त्रेसष्टचा गट

"सव्वा लावा, मास्तर."

हे वाक्य मी सहा वर्षं ऐकलं. व्यायामशाळेतली सगळ्यात हलकी प्लेट सव्वा किलोची. रॉडच्या दोन्ही टोकांना एकेक लावली की वजन अडीच किलोने वाढतं. तरुण पोरी एकदम दहा-दहाच्या प्लेटा चढवतात आणि मग आठवडाभर कंबर धरून बसतात. ही बाई सव्वाच्या वर कधी गेली नाही. महिना-महिना एकाच वजनावर काढायची, मग एके दिवशी ओढणीने कपाळ पुसत म्हणायची, "सव्वा लावा."

मी चारकोपच्या एका जुन्या व्यायामशाळेत मास्तर आहे. माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या सेक्टरमध्ये कोणालाही विचारा. दुपारी तीन ते पाच बायकांची बॅच असते. ही बाई इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात पॅकिंगला होती. सकाळची पाळी सुटली की थेट आमच्याकडे यायची. आली तेव्हा वय सेहेचाळीस. मूळची मालवणकडची, नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन डोंबिवलीला. बॅचमधल्या पोरी तिला काकी म्हणायच्या.

पहिल्या दिवशी मी नेहमीचा प्रश्न विचारला, "काय कमी करायचंय? पोट?"

"कमी नाय करायचं. उचलायचंय."

"काय उचलायचंय?"

तिने रॉडकडे बोट दाखवलं. "ता."

मी हसलो. तुम्हीही हसला असतात. चार फूट अकरा इंचांची बाई, पायात रबरी सपाता. मी म्हटलं, "आधी चपला काढा, मग बोलू." तिने काढल्या, नीट जोडीने भिंतीला लावून ठेवल्या आणि मोकळा रॉड उचलून दाखवला. वीस किलोचा. पाठ सरळ. पाठ सरळ ठेवायला मी लोकांना सहा-सहा महिने शिव्या घालतो हो, आणि हिला कोणी काही शिकवलं नव्हतं.

डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा रॉड उचलून उभं राहताना, पायाच्या नळ्या खरचटतात म्हणून गुडघ्यापर्यंत मोजे लागतात. तिने मुलीचे शाळेतले जुने मोजे शोधून आणले, निळे, वर दोन पांढऱ्या रेघा. रॉड सरकावा म्हणून मांड्यांना पावडर लावतात, तर ही अख्खा डबा ओतायची. पोरी म्हणायच्या, "काकी, लग्नाला निघालात काय?" ती म्हणायची, "गप गं भवाने, तुझ्याच लग्नात नाचायचंय मला." आणि पाणी! दोन लिटरची बाटली, दर पाच मिनिटांनी घोट. मी ओरडायचो, "बाई, व्यायाम करायला येता की टाकी भरायला?" ती नुसती हसायची.

तिच्या कुशीवर एक लांब व्रण होता. पथरीचं ऑपरेशन झालं, असं तिने पोरींना सांगितलं होतं. मी कधी विचारलं नाही. मास्तरने विचारायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षी गाळ्यात खोका उचलताना तिची कंबर गेली. चार महिने जमिनीवर आडवी. मी मनातून तिचं नाव खोडून टाकलं. परत आली तेव्हा नव्वद किलो उचलणारी बाई मोकळ्या रॉडलाही घाबरत होती. मी म्हटलं, "सगळी वाट लागली. पहिल्यापासून करावं लागणार."

"मगे करूया पहिल्यापासून. माका खंय घाई आसा?"

आणि केलं तिने. वीसपासून. दीड वर्षात पुन्हा नव्वदला आली, पुढे एकशे दहापर्यंत गेली. तेव्हा एकदा स्वतःहून बोलली. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत खांद्यावर रॉड घेऊन बसून उठायचा स्क्वॉट, आडवं पडून ढकलायचा बेंच आणि डेडलिफ्ट असे तीन प्रकार, प्रत्येकाला तीन संधी. प्रत्येकातलं सगळ्यात जास्त वजन धरून बेरीज होते, तिला टोटल म्हणतात. एका जरी प्रकारात तिन्ही संधी गेल्या तर टोटल नाही, नावापुढे नुसती रेघ. ती म्हणाली, "मास्तर, एकदा माझी टोटल लागू दे. सासरची म्हणतात, ही पोकळ झाली. बादली उचलायला गेले तरी ओरडतात. एकदा कागद नेऊन दाखवते त्यांना."

पोकळ म्हणजे काय, हेही मी विचारलं नाही. मला वाटलं, विधवा बाईला लोक काय वाटेल ते बोलतात.

आता माझी गोष्ट सांगतो. सांगायची लाज वाटते, पण तिच्याबद्दल बोलायचं तर ती सांगितलीच पाहिजे.

मुलुंडला स्पर्धा होती. सांघिक ट्रॉफीसाठी प्रत्येक वजनगटात आपली एक मुलगी लागते. गट रिकामा राहिला तर त्याचे गुण शून्य. आमच्या त्रेसष्ट किलोच्या मुलीचा साखरपुडा ठरला आणि तिने नाव काढून घेतलं. ही बाई सदुसष्ट किलोची, म्हणजे एकोणसत्तरच्या गटातली. त्या गटात माझ्याकडे आणखी एक मुलगी होती. मी हिशोब केला.

"बाई, तुम्ही त्रेसष्टात उतरा. एकोणसत्तरात तुमचा टिकाव लागायचा नाही."

"मी सदुसष्ट आहे, मास्तर."

"जेवण कमी करा. शेवटचे दोन दिवस पाणी तोडा. सगळेच तोडतात."

तिने बाटलीतला एक घोट घेतला. मग म्हणाली, "पाणी नाय तोडलं तर?"

"तर पुढच्या वर्षी बघू."

ती बावन्न वर्षांची होती. तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "बरं."

स्पर्धेच्या सकाळी काटा त्रेसष्ट पूर्णांक चारवर थांबला. अजून तासाभराची मुदत होती. मी तिला दोन चादरी गुंडाळून जिना चढायला-उतरायला लावलं. तोंडात आवळकाठी दिली, चघळून थुंकत राहायला, तेवढंच वजन उतरतं. ती रुमालात थुंकत होती आणि मी वर उभा राहून "चला, चला" करत होतो. शेवटी काटा बासष्ट पूर्णांक नऊवर आला. मी टाळी वाजवली. तिचे ओठ फुटले होते.

स्क्वॉट झाला. बेंच झाला. डेडलिफ्टला मी सुरुवात पंच्याण्णवने ठेवली. व्यायामशाळेत हे वजन ती बोलता-बोलता उचलायची. पहिल्या संधीला रॉड गुडघ्यापर्यंत येऊन पडला. दुसऱ्या संधीला बोटं उघडली. तिसऱ्यांदा ती पूर्ण उभी राहिली. पूर्ण! अख्खा हॉल ओरडला. पण पंचाने "डाउन" म्हणेपर्यंत थांबावं लागतं, आणि त्याआधीच ती रॉडसकट खाली गेली. पंचांचे लाल दिवे लागले, संधी बाद.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला विचारलं, "यांना एकच किडनी आहे, तुम्हाला माहीत नव्हतं?"

मुलगी डोंबिवलीहून धावत आली. तिच्याकडून कळलं, दुसरी किडनी बाईने नवऱ्याला दिली होती. तो चार वर्षं जगला. तिला भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं होतं.

उरलेली किडनी सावरली नाही. बोरिवलीला आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मी दर मंगळवारी जायचो. ती पोरींची चौकशी करायची, कोण किती उचलतंय विचारायची. स्पर्धेबद्दल एक अक्षर नाही. मला बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

सहाव्या महिन्यात एका मंगळवारी तिने विचारलं, "मास्तर, मला त्रेसष्टात का उतरवलंत?"

मी सांगितलं. सगळं.

"मग मिळाली ट्रॉफी?"

"मिळाली."

"किती गुण जास्त होते?"

"नऊ."

आयुष्यभर खोकी मोजलेली बाई. तिला वेळ लागला नाही. "माझा तर शून्यच. म्हणजे गट रिकामा असता तरी मिळालीच असती."

"हो."

मशीन चालू होतं.

"ट्रॉफीसाठी हवंय म्हणाला असतात ना, तर मी नाय म्हटलं असतं," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्यासाठी सांगताय." मग डोळे मिटून म्हणाली, "आता येऊ नका तुम्ही."

मी गेलो नाही. चार महिन्यांनी मुलीचा फोन आला, तोही दिवसकार्य उरकल्यावर. मी विचारलं, आधी का नाही कळवलंस गं? ती म्हणाली, "आईने सांगून ठेवलं होतं. मास्तरांना सगळं झाल्यावर कळव म्हणून."