मिश्रीला तंबाखू कोण म्हणतं?

मी आज जो काही आहे तो ईट या आमच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या बाईंमुळं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. दहावीच्या वर्षी बाई मला शाळेआधी घरी बोलवायच्या. त्या वेळी त्या मागच्या दारात बसून दातांना मिश्री लावत असायच्या. तोंडात बोट, त्यामुळं बोलता यायचं नाही. नुसती मान हलवायच्या, भुवई उडवायच्या, आणि मला पेशीविभाजन पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावं लागायचं. चुकलो तर माझी चूक मलाच ऐकू यायची. चूळ भरून झाली की त्या एकच प्रश्न विचारायच्या, "कशावरून?"

आता मी कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या शहरातल्या एका संस्थेत शिकाऊ संशोधक आहे. लोकांमध्ये जाऊन माहिती कशी गोळा करायची हे नवख्यांना शिकवावं म्हणून संस्थेनं आम्हाला उमरग्याला आणलं. विषय तोंडाचा कॅन्सर. पद्धत साधी होती. बायकांना विचारायचं, "तंबाखू खाता का?" हो म्हणाल्या तर पुढच्या टेबलावर दातांचे डॉक्टर बॅटरी लावून तोंड तपासणार. नाही म्हणाल्या तर तसं लिहून घ्यायचं आणि घरी पाठवायचं.

सकाळभर बायका "न्हाय" म्हणत होत्या आणि घरी जात होत्या. आम्हाला शिकवणारे सर खूश होते. "या भागातल्या बायका चांगल्याच निर्व्यसनी दिसतात," ते म्हणाले.

मी समोर बसलेल्या मावशींचं बोट पाहत होतो. टोकाला तपकिरी झालेलं, थेट बाईंसारखं. त्याही "न्हाय" म्हणून उठत होत्या.

"मावशी, मिश्री लावता का?"

"लावते की. सकाळी, दुपारी, निजताना."

"मग तंबाखू न्हाय कसं म्हणालात?"

"अगं बाई! मिश्रीला तंबाखू कोण म्हणतं? तंबाखू आमचं म्हातारं खातंय, भिंती रंगवतंय. म्या दात घासते. तू घासत न्हाईस व्हय रं?"

रांगेतल्या बायका खदखदून हसल्या. मीही हसलो. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखूच. पण दात घासण्याला व्यसन कोण म्हणेल?

मी सरांकडं गेलो. अर्धं वाक्य झालं असेल नसेल, तोच ते म्हणाले, "प्रश्न ठरलेले आहेत. मध्येच बदलले तर सगळी माहिती बिघडते."

"सर, तो प्रश्न तसाच राहू द्या. खाली फक्त मिश्रीचा एक..."

"तू इथं शिकायला आलायस, शिकवायला नाही."

मागून आमच्यातलाच एकजण म्हणाला, "सर, याला मिश्रीची एजन्सी देऊन टाका." यावरही सगळे हसले, पण या हसण्यात मला सामील होता आलं नाही.

मावशी पिशवी उचलून निघाल्या होत्या. मी त्यांना थांबवलं आणि कुणाला न विचारता पुढच्या टेबलावर नेलं. ज्या गालात त्या मिश्री धरून ठेवायच्या, त्याच गालात आतून पांढरा चट्टा होता. पुसून निघेना.

"काही त्रास होतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्रास कसला? तिखट तेवढं लई झोंबतंय. वरणात भाकरी कुस्करून खाते."

डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा काढून तपासण्यासाठी सोलापूरची चिठ्ठी लिहून दिली. आमच्या कागदावर मात्र या मावशी निर्व्यसनी होत्या, तपासायची गरज नसलेल्या!

संध्याकाळी सरांनी सगळ्यांसमोर मला बेशिस्त ठरवलं. "भावनेनं संशोधन होत नाही," म्हणाले. कसली भावना? मी एक प्रश्न विचारला आणि एक तोंड तपासायला लावलं. संशोधन आणखी वेगळं काय असतं? ठरलेला प्रश्न मध्येच बदलू नये, हे मलाही कळतं. पण प्रश्न सांभाळायचा आणि माणूस घरी पाठवायचा, हे शिकायला आम्ही एवढ्या परीक्षा दिल्या का? माझा राग अजून उतरलेला नाही. सकाळी परत पाठवलेल्या बायकांना पुन्हा बोलवा, म्हणून मी लेखी मागणी केली आहे. उत्तर आलेलं नाही, आणि प्रश्न अजून तोच विचारला जातोय.

परतीच्या बसमध्ये मावशींचं ते "तिखट झोंबतंय" डोक्यातून जाईना. ते मी आधीही ऐकलं होतं. दिवाळीत बाईंकडं गेलो, तेव्हा त्यांनी चिवड्याची बशी माझ्यापुढं सरकवली आणि स्वतः दुधात लाडू कुस्करून घेतला. "हल्ली तिखट सोसत नाही रे," एवढंच म्हणाल्या होत्या. फोन केला असता तर त्यांनी हसून विषय बदलला असता. म्हणून पत्र लिहिलं.

"आदरणीय बाई,

मिश्री लावताना तुम्ही मला कधी मध्येच तोडलं नाहीत. तसंच हे पत्रही शेवटपर्यंत वाचा.

मिश्री ही तंबाखूच, हे तुम्हाला मी सांगायला नको. दिवाळीत तुम्हाला चिवडा सोसला नाही. उमरग्याच्या एका मावशींनाही तिखट सोसत नव्हतं आणि त्यांच्या गालात चट्टा निघाला. तुम्हालाही तसंच असेल असं मी म्हणत नाही. पण 'मला काही झालेलं नाही' असं म्हणालात, तर मी विचारणार, कशावरून?

रविवारी ईटला येतोय. सोमवारी आपण बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात जाऊन डॉक्टरांना तोंड दाखवून येऊ. सरांनी सुट्टी नाकारली तरी येणार आहे. मागचं दार उघडं ठेवा.

तुमचा विद्यार्थी"