गॅरेजच्या भिंतीला लागून

गास्पारे लो प्रेस्ती दुकानातून फ्रिज बसवायला आला की बाया आधी कॉफीच ठेवत, कारण हा माणूस दोन तास काही हलायचा नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. माल उतरवला, पिन लावली आणि निघाले, हे दुकानातल्या बाकीच्यांचं काम. गास्पारे पाणसळ ठेवून तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत फ्रिजचे पाय फिरवत बसे. फ्रिजच्या शेजारी शेगडी त्याने अडतीस वर्षांत कुणाला ठेवू दिली नाही. मध्ये हातभर ओटा पाहिजे म्हणजे पाहिजे. "गरम आणि गार एकमेकांना चिकटवलंत तर दोघंही लवकर मरतील," असं तो बजावायचा. यावर एखादी चावट म्हातारी विचारायचीच, "नवराबायकोचंही तसंच का रे?"

आणि याच माणसाच्या घरी काय होतं? परदेशात येऊन थॉमसटाऊनमध्ये वसलेल्या आमच्या इटालियन घरांना स्वयंपाकघरं दोन. आतलं चांगलं, ते नाताळला, बारशाला आणि पाद्री आले तर. मागच्या गॅरेजमधलं रोज राबायचं. नुन्त्सियाताने, म्हणजे गास्पारेच्या बायकोने, गॅरेजच्या भिंतीला चार वस्तू एका ओळीत लावल्या होत्या. फ्रिज, त्याला खेटून गॅसची जुनी शेगडी, तिला खेटून सिमेंटची दुहेरी मोरी, मोरीला खेटून कपडे धुण्याचं यंत्र, त्याच्यावरच कॉफीचे कप. मध्ये बोट जाईल तर शपथ. पण एका जागी उभं राहून, पाऊल न उचलता तिचा हात चारही ठिकाणी पोचायचा.

"दुकानात कुणी बघितलं तर माझी नोकरी जाईल," गास्पारे म्हणायचा.

"तुझी नोकरी दुकानात. इथे मालक मी आहे. सरक, पास्ता उतू जातोय."

सत्तरी ओलांडल्यावर नुन्त्सियाता विसरायला लागली. आधी रस्ते, मग वार, मग नातवंडांची नावं. स्वतःच्या मुलीला, रोझाल्बाला, ती एकदा 'डॉक्टरीणबाई' म्हणाली आणि रोझाल्बा गाडीत बसून रडली. पण गॅरेजमध्ये मात्र ती जशीच्या तशी होती. डोक्यातून गेलेलं सगळं हातात शाबूत होतं. सकाळची कॉफी, दुपारचा टोमॅटोचा रस्सा, कधी मीठ जास्त नाही की कमी नाही. हे गास्पारे रोज बघत होता आणि रोज खातही होता. तरी त्याच्या ध्यानात आलं नाही, याचा मला अजून राग येतो.

मग ती गॅरेजच्या ओल्या फरशीवर घसरली आणि मनगट मोडलं. दोन आठवडे इस्पितळात. रोझाल्बाने स्पष्ट सांगितलं, "पापा, सरकारी बाई घरी येऊन बघणार आहे. मम्मीला घरात स्वतःचं स्वतः करता येतं, असं दिसलं तरच ती इथे राहील. नाहीतर वृद्धाश्रम. त्या गॅरेजमध्ये तर ती बाई मम्मीला पाऊलसुद्धा ठेवू देणार नाही."

गास्पारे पेटून उठला. नुन्त्सियाताला तो कुठेही जाऊ देणार नव्हता. त्याने चांगल्या स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांवरची प्लॅस्टिकची आवरणं काढली, आपोआप बंद होणारी शेगडी आणली, फ्रिज आणि शेगडीत हातभर ओटा सोडला, मोरी खिडकीखाली घेतली. पाणसळीचा बुडबुडा सगळीकडे मधोमध. आयुष्यात इतकं सुरेख काम त्याने कुणाच्या घरी केलं नव्हतं. आणि बायको पुन्हा त्या फरशीवर जाऊ नये म्हणून गॅरेजमधल्या चारही वस्तू उचकटून नगरपालिकेच्या ट्रकसाठी घरापुढच्या गवतावर नेऊन ठेवल्या.

शेजारचा ब्लागोया कुंपणावरून बघत होता. "तिला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? तिला आजचा वार सांगता येत नाही."

"वार नाही विचारायचा रे गाढवा. शेगडी विचारायची."

"तू तुझ्या मिरच्या सांभाळ."

ट्रक आला आणि लोखंडी जबड्याने शेगडी चेपून घेऊन गेला.

नुन्त्सियाता मंगळवारी घरी आली. गास्पारेने तिला हाताला धरून नव्या स्वयंपाकघरात नेलं. ती खुर्चीच्या काठावर बसली, पर्स मांडीवर घेतली, कोट काढला नाही. "किती छान ठेवलंय," ती म्हणाली. गास्पारेला आनंदाने रडू फुटायचं बाकी होतं. थोड्या वेळाने ती त्याच्याकडे झुकली आणि कुजबुजली, "चल ना आता. त्यांची जेवायची वेळ झाली असेल. जेवणासाठीच बसलोय असं दिसेल."

"अगं, हे आपलंच आहे."

"हळू बोल. ऐकतील."

चांगल्या स्वयंपाकघरात कशाला हात लावायचा नाही, हे तिने पन्नास वर्षं घरातल्या सगळ्यांना शिकवलं होतं. आता ती स्वतः ते पाळत होती. बुधवारी तसंच, गुरुवारी तसंच. तहान लागली तरी पाणी मागायला लाजायची.

शुक्रवारी सकाळी सरकारी बाई आली. बोलायला गोड, वागायला सभ्य, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. "मिसेस लो प्रेस्ती, मला जरा कॉफी करून द्याल?"

नुन्त्सियाता ओशाळून हसली. "घरच्या बाई येऊ देत. दुसऱ्याच्या ओट्याला कसा हात लावू?"

सरकारी बाईने अर्धा तास वाट पाहिली, प्रेमाने पुन्हा दोनदा विचारलं. मग कागदावर लिहिलं, गास्पारेचा हात दाबला आणि निघाली.

दार लावून गास्पारे वळला तर खुर्ची रिकामी. नुन्त्सियाता मागच्या दाराने गॅरेजमध्ये गेली होती. घसरेल म्हणून तो धावला आणि दारातच थांबला.

मोकळ्या भिंतीसमोर ती आपल्या जागेवर उभी होती. पर्स खाली ठेवलेली, कोट काढलेला. प्लॅस्टरमधला हात तिने जपून बाजूला धरला आणि दुसऱ्या हाताने, नसलेल्या मोरीच्या नसलेल्या नळाखाली, भांडं भरलं. डावीकडे वळून काडी ओढली. आच बारीक केली. तेवढ्यात फ्रिज उघडून दूध काढलं, वास घेऊन बघितला. एक पाऊल हललं नाही, एक गोष्ट चुकली नाही. कॉफी वर येईपर्यंत ती, रोज थांबायची तेवढीच, थांबली.

बाहेर सरकारी बाईच्या गाडीचं इंजिन सुरू झालं. तिला थांबवावं, हात धरून इथे आणावं, असं गास्पारेच्या मनात आलं. पण दाखवणार काय होता तो तिला?

नुन्त्सियाता वळली. त्याला पाहून चार दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा ओळखीचा झाला.

"आलास? ही कप ठेवायची जागा कुणी नेली रे?" ती म्हणाली, आणि कप धरल्यासारखा हात तसाच पुढे धरून उभी राहिली.