धरून ठेवलेली खुर्ची

दरेकशाहून वहिनींचा फोन आला तेव्हा मी अंगणात दाढी करत होतो. "भाऊजी, तुमचे महापरसाद गेले," एवढंच त्या म्हणाल्या. अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून मी घरात गेलो, पुस्तकांच्या कपाटामागे हात घातला आणि बाटलीतले दोन घोट घशाखाली ढकलले. ते गेले होते दारूच्याच दुखण्यानं. त्यांना निरोप द्यायला मी दारू पिऊन गेलो. हे आधी लिहिलं नाही, तर पुढचं सगळं खोटं ठरेल.

महापरसाद म्हणजे काय, हे आमच्या भागाबाहेरच्यांना सांगावं लागेल. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असताना माझे आजोबा जगन्नाथपुरीहून प्रसादाचा सुका भात घेऊन आले. तो आम्ही चारचौघांसमोर एकमेकांच्या तोंडात घातला आणि जन्माचे महापरसाद झालो. सख्ख्या भावापेक्षा हे नातं जड. त्या दिवसापासून एकमेकांना अहो-जाहो करायचं आणि एकमेकांचं नाव कधीच तोंडानं घ्यायचं नाही, अशी शपथ. काल ज्याला ढेकळं मारली त्याला आज 'तुम्ही' म्हणताना हसून हसून पोट दुखायचं. पुढे ते रेल्वेत लागले, रूळ तपासत उन्हातान्हात चालायचे; मी आमगावला मास्तर झालो. मोहाची पहिली दारूही आम्ही एकत्रच चाखली. ते उघड प्यायचे, म्हणून दारुडे ठरले. मी दार लावून प्यायचो, म्हणून गुरुजी राहिलो.

सहा वर्षांपूर्वी ते रुळांच्या कडेला बेशुद्ध सापडले, तेव्हा वहिनी माझ्याकडेच आल्या. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मी एक कागद पाहिला होता : दारू सोडू इच्छिणाऱ्यांची बैठक, दर रविवारी, समाजमंदिरामागची खोली. मी त्यांना हाताला धरून नेलं. दहा-बारा खुर्च्या, एक माठ, चहाची किटली. बैठक चालवणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "कोनाले आनलं, गुरुजी?" मला महापरसादांचं नाव घेता येईना! गृहस्थांना वाटलं, मी लाजतोय. "अरे, यहाँ सब अपने ही हैं, बोलो ना," मागून कुणीतरी धीर दिला. शेवटी महापरसादच उठले, स्वतःचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "मी दारुडा आहो. हे माझे महापरसाद. मले आनायले आले." सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते मुकाट्यानं करून घेतलं.

त्यानंतर ते थेंबाला शिवले नाहीत. सुरुवातीला हात इतके कापायचे की चहा बशीऐवजी पायजम्यावर सांडायचा. पण दर रविवारी दरेकशाहून गाडीनं आमगावला यायचे, खोलीत शिरले की आधी खांद्यावरचा दुपट्टा शेजारच्या खुर्चीवर टाकायचे, एसटीत जागा धरतात तसा. ती खुर्ची माझी. मी पहिले तीन रविवार गेलो. मग शाळेची कामं निघाली, निवृत्तीनंतर गुडघे निघाले. नाचता येईना अंगण वाकडं. बैठक संपली की ते माझ्याकडे चहाला येत. एकदा मी चिडून म्हणालो, "काऊन धरून ठेवता खुर्ची? मी काय दारुडा आहो?"

त्यांनी शांतपणे बशी रिकामी केली. "मी तं फक्त खुर्ची धरून राहिलो, महापरसाद. तुमाले दारुडा म्हनलं का मी?"

मला फार राग आला, कारण त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि ते त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही, वहिनींनासुद्धा नाही.

दारू सुटली, पण यकृतानं जुनं काही माफ केलं नाही. गोंदियाच्या दवाखान्यात शेवटचे भेटलो तेव्हा पोट फुगलेलं होतं, डोळे हळदीसारखे पिवळे. उशाचा दुपट्टा माझ्या हातात देत ते म्हणाले, "या रविवारी मी नाही येत. खुर्ची तुमी धरजा." मी हो म्हणालो. रविवार आला आणि मी गेलो नाही... बुधवारी ते गेले. तेराव्याला वहिनींनी सांगितलं, "सोमवारी विचारून राहिले होते, महापरसाद बैठकीले गेले का म्हनून. मी हो म्हनलं. लय बरं वाटलं त्यायले." त्या माउलीला वाटलं, मी गेलोच असणार. मी मान खाली घातली. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी मी गेलो. उभा राहिलो, माझं नाव सांगितलं आणि म्हणालो, "मी दारुडा आहे. सहा वर्षांपूर्वी इथं आलो तेव्हा हे लपवलं होतं." मग, माझी जागा कुणी धरून ठेवली होती हे सांगताना, मी महापरसादांचं नाव घेतलं. महापरसाद झाल्यापासून पहिल्यांदा. लहानपणीची शपथ मोडली, आणि रागवायलाही ते नव्हते. ते नाव इथं लिहीत नाही. त्या खोलीतलं त्या खोलीतच राहतं.

दुपट्टा वहिनींनी परत मागितला नाही. त्याला अजून त्यांच्या तंबाखूचा वास आहे, म्हणून धुतलेला नाही. आता दर रविवारी मी लवकर जातो आणि तो शेजारच्या खुर्चीवर टाकतो. दरेकशाकडची गाडी येऊन गेल्याचा आवाज होतो. स्टेशनपासून चालत यायला त्यांना दहा मिनिटं लागायची. तेवढी दहा मिनिटं मी दाराकडे बघत बसतो.