पहिली फ्रेम

त्यांना सगळे हलूनका म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण पाठीमागे इतकी वर्षं म्हणत होते की त्यांच्या कानावर ते गेलं नसेल, असं होणं शक्य नव्हतं. फोटो स्टुडिओत उभ्या जन्मात त्यांनी एकच वाक्य मनापासून उच्चारलं. हलू नका. समोर नवरा-नवरी असोत, शाळेचा अख्खा वर्ग असो, नाहीतर नोकरीच्या अर्जासाठी धापा टाकत आलेला माणूस असो. एकदा म्हणे दाढ काढून घेताना त्यांनी डॉक्टरलाच तसं बजावलं होतं. खरं नसावं ते. पण ऐकणाऱ्याला पटायचं.

स्टुडिओ दोन खोल्यांचा. पुढे काउंटर आणि रिकाम्या फोटोफ्रेमचं काचेचं कपाट. मागे राखाडी पडदा, दोन दिवे, आणि मध्ये एक फिरतं स्टूल. त्याला लागून एक चिंचोळी खोली होती. फिल्मच्या काळात ती काळोखाची खोली होती. फिल्म गेली तशी तिथे खिडकी उघडली आणि कॉम्प्युटर आला.

कॉम्प्युटर बायकोचा. तो शिकायला हलूनका तयार नव्हते आणि ती त्यांच्यासाठी थांबायला तयार नव्हती. जुन्या निगेटिव्ह ती एकेक करून स्कॅन करायची, त्यांवरचे ओरखडे आणि बुरशीचे डाग पुसायची, आणि इंटरनेटवरच्या एका अल्बममध्ये ठेवून द्यायची. वर्षानुवर्षं हे चाललं. मग एका पावसाळ्यात माळ्यावर पाणी शिरलं, निगेटिव्हचे खोके भिजले आणि सगळा माल एकमेकांना चिकटून लगदा झाला. हलूनका दोन दिवस जेवले नाहीत. ती म्हणाली, "अहो, सगळं इंटरनेटवर ठेवलंय. तुमच्या पहिल्या फ्रेमासुद्धा."

"तो कचरा कशाला ठेवलास?"

"जागा होती म्हणून," ती म्हणाली आणि कामाला लागली.

पहिल्या फ्रेमांचं असं होतं. कॅमेऱ्यात नवा रोल भरला की सुरुवातीच्या तुकड्याला उजेड लागलेला असतो. तो वाया जाणारच असतो. पुढची कोरी फिल्म समोर येईपर्यंत एक-दोनदा नुसतंच बटण दाबावं लागतं. रिकाम्या पडद्यावर बटण दाबणं हलूनकांच्या जिवावर यायचं. मग ते हाक मारायचे, "बस गं जरा." ती हातातलं काम तसंच घेऊन यायची आणि स्टुलावर टेकायची. खटक. की उठून परत काउंटरवर. प्रत्येक रोलला हे व्हायचं. ते फोटो त्यांनी कधी छापले नाहीत. अर्धी फ्रेम पांढरी जळालेली असायची. छापायचं काय त्यात?

दीड वर्षापूर्वी ती गेली. घरात लावायला फोटो शोधला तेव्हा एकही सापडला नाही. शेवटी कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा करावा लागला. कानाशी कुणा परक्या बाईचा खांदा राहिला तो राहिलाच. मेव्हणी तो फोटो बघून एवढंच म्हणाली होती, "भाऊजी, अख्ख्या गावाचे संसार फोटोत बसवलेत तुम्ही." पुढचं तिने गिळलं. ते त्यांना जास्त लागलं.

आणि आता हा निरोप आला होता. अल्बम चालवणारी कंपनी बंद होत होती. आज संध्याकाळपर्यंत आपापले फोटो उतरवून घ्या, त्यानंतर सगळं पुसलं जाईल. निरोप महिन्याभरापूर्वीच आला होता म्हणे, बायकोच्या फोनवर. तो फोन मेव्हणीकडे होता आणि तिने आज सकाळी सहज उघडला म्हणून कळलं. पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता. बायकोने तो काळोखाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर जपून ठेवला होता, आणि कुठेच नाही.

हलूनकांनी दीड वर्षानंतर त्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. घुर्र करून तो जागा झाला. ब्राउझर उघडला, अल्बमच्या नावावर टिचकी मारली, तर पडदाभर इशारा. हे कनेक्शन सुरक्षित नाही. तुमची माहिती चोरली जाऊ शकते. मागे फिरा.

त्यांनी वर्तमानपत्राची साइट उघडून बघितली. तोच इशारा. बँकेची, तोच. हवामान खात्याची सुद्धा चोरांची निघाली.

"एक काही धड चालत असेल तर शपथ," मेव्हणी दारातूनच म्हणाली. फोन केल्या केल्या ती रिक्षाने आली होती. ती ताईपेक्षा, म्हणजे हलूनकांच्या बायकोपेक्षा, धाकटी, जन्मभर एका मोठ्या इमारतीच्या फाटकापाशी येणाऱ्या-जाणाऱ्यांची ओळखपत्रं तपासायच्या नोकरीत होती. समोरच्याला आत सोडायचं की नाही, हे तिचं डोकं पटकन ठरवायचं. कॉम्प्युटरचं तिला बेताचंच येत होतं. पण घाबरायची नाही.

तिने आधी राउटर बंद करून चालू केला. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग व्हायरसवाला प्रोग्रॅम थोडा वेळ झोपवला, कारण तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर तोच आगाऊपणा करतो. काही फरक पडला नाही. व्हायरसवाल्याला परत जागं केलं. हलूनका मागे उभे राहून खिडकीतलं ऊन भिंतीवर किती सरकलं ते बघत होते. उजेड बघून वेळ सांगायची त्यांची जुनी सवय. दुपार कलत आली होती.

"ब्राउझरमध्ये जुना गाळ साठला असेल," मेव्हणी म्हणाली. "सगळं पुसून टाकू. माझ्या इथे तेवढ्याने भागलं होतं."

ती भराभर आत गेली. एक चौकट आली. काय काय पुसायचं, त्यासमोर खुणा करायच्या होत्या. तिने वरपासून खालपर्यंत सगळ्या खुणा करून टाकल्या. बोट माउसवर आलं.

"हलू नकोस."

आवाज मोठा नव्हता. पण त्या आवाजाने लहान मुलं, वरातीतले घोडे आणि शाळांचे हेडमास्तर आजवर जागच्या जागी थांबलेले होते. मेव्हणी थांबली. हलूनकांनी पुढे वाकून शेवटच्या खुणेवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, साठवलेले पासवर्ड.

मग मेव्हणीने ती चौकट बंद केली आणि हात मांडीवर ठेवले.

"आता जे दिसतंय ते नीट वाचू," ती म्हणाली. "एवढा वेळ आपण त्याचं ऐकूनच घेतलं नाही."

इशाऱ्याखाली बारीक अक्षरात अधिक माहिती होती. तिने ती उघडली आणि चष्मा वर-खाली करत वाचू लागली. प्रत्येक साइटला एक ओळखपत्र असतं आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. हे वाचल्यावर तिचा चेहरा उजळला. हा तिच्या हद्दीतला विषय होता.

"भाऊजी, ओळखपत्र खोटं नाहीये. कॉम्प्युटर म्हणतोय, ते अजून सुरूच झालेलं नाही. म्हणजे हा बाबा समजतोय तरी काय? आज तारीख काय आहे त्याच्याकडे?"

तारीख पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात असते. तिथे काळी चिकटपट्टी लावलेली होती. फिल्मच्या डब्यांना लावायची जुनी पट्टी. हलूनकांना ती कायम तिथेच दिसली होती. पडदा कोपऱ्यात खराब झाला असेल, असं ते धरून चालले होते. विचारलं कधीच नव्हतं.

"तुम्हीच काढा," मेव्हणी म्हणाली.

पट्टीचं एक टोक दुमडलेलं होतं. कुठलीही पट्टी लावताना ती टोक दुमडायची, म्हणजे पुढच्याला नखाने खरवडत बसावं लागत नाही. हलूनकांनी ते टोक धरलं आणि हळूच ओढलं. खाली तारीख होती. सात वर्षांपूर्वीची. घड्याळ बंद पडलेलं नव्हतं, सात वर्षं मागून नीट चाललेलं होतं.

मेव्हणी हसायला लागली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. तिला ताईचं बोलणं आठवलं होतं. डाग पुसायचा तो प्रोग्रॅम विकत घ्यायचा तर महाग, आणि फुकट वापरायला एकच महिना मिळायचा. तेव्हा मेव्हणीने विचारलं होतं, महिना संपल्यावर काय करणार? ताई म्हणाली होती, "मी महिना संपूच देत नाही." कामाला बसताना ती तारीख मागे घ्यायची, काम झालं की पुन्हा आजची लावायची. गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू नये म्हणून वर पट्टी. शेवटचं जेव्हा बसली, तेव्हा तारीख मागे घेतली आणि परत लावायला ती आली नाही.

हलूनका पट्टी बोटावर घेऊन उभे राहिले. तिने शेवटचं लावून ठेवलेलं घड्याळ होतं ते.

"पुढे करायचं ना?" मेव्हणीने विचारलं. घाई तिलाही होती, पण तिने वाट बघितली.

भिंतीवरचं ऊन दिव्याच्या दांड्यापर्यंत पोचलं होतं. "कर," ते म्हणाले.

तारीख आजची झाली. ब्राउझर पुन्हा उघडला. अल्बमच्या नावावर टिचकी मारली आणि इशारा आलाच नाही. पासवर्डच्या जागी काळे ठिपके आपोआप उमटले. कसले ते त्या दोघांना कधी कळणार नव्हतं. फोटो उतरवायला लागले तसे पडद्यावर एकेक झळकून जाऊ लागले.

लग्नं होती, वर्ग होते, ताठ बसलेली कुटुंबं होती. सगळी न हललेली. आणि प्रत्येक रोलच्या सुरुवातीला ती. अर्धी फ्रेम पांढरी आणि उरलेल्या अर्ध्यात ती, हातात कधी कात्री, कधी पेन, कधी अर्धी खाल्लेली पोळी. केस काळे, मग करडे. एकात ती बोलत होती. एकात उठायच्या बेतात. एकात मान वळवून काउंटरवरच्या कोणाला तरी थांबा म्हणत होती. बऱ्याच फोटोंत हात अस्पष्ट आले होते, कारण ते हलत होते.

"हिला तुम्ही कधी हलू नका म्हणाला नाहीत?" मेव्हणीने विचारलं.

हलूनका विचारात पडले. "तिच्या वेळी गरज नव्हती गं," ते म्हणाले. "ती फ्रेम वायाच जायची होती."

मेव्हणी चहा करायला गेली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून आली. सगळं उतरून झालं तेव्हा खोलीत दिवा लावावा लागला होता.

घरातला कापलेला फोटो आता भिंतीवरून उतरला आहे. त्या जागी कुठला लावायचा हे ठरत नाही, म्हणून हलूनका दर थोड्या दिवसांनी बदलतात. काही फोटोंवर बुरशीचे डाग राहून गेले होते. तेवढे पुसायला ते शिकले. मेव्हणीने शिकवलं, शिकवताना बोलून घ्यायचं होतं तेवढं बोलूनही घेतलं. आता रोज दुपारी ते आधी तारीख मागे घेतात, मग प्रोग्रॅम उघडून बसतात. कधीकधी परत लावायला विसरतात आणि सकाळी वर्तमानपत्र उघडलं की पडदाभर इशारा येतो. हे कनेक्शन सुरक्षित नाही. मागे फिरा.

"हो, हो, कळलं," असं त्याला म्हणून ते आजची तारीख लावतात. कोपऱ्यातली पट्टी मात्र त्यांनी पुन्हा जागेवर चिकटवली आहे. टोक दुमडून.